घर्षणगाठ : धबधब्यातल्या दोरावरची पकड

यवतमाळ जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत पिकणाऱ्या कापसाचा एक तंतू जेमतेम तीन सेंटिमीटर लांबीचा असतो, आणि तरीही अशा आखूड तंतूंपासून शेकडो मीटर लांबीचे अखंड सूत निघते. त्या सुतात तंतूला तंतू जोडणारा डिंक नसतो की गाठ नसते, असतो तो केवळ पीळ. पीळ दिलेल्या सुताला ताण बसला की आतले तंतू एकमेकांवर अधिक दाबले जातात, दाब वाढला की त्यांच्यातले घर्षण वाढते, आणि जे बळ धाग्याला तोडू पाहते तेच बळ तंतूंना एकत्र धरूनही ठेवते. शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राममध्ये ज्यांनी चरखा चालवला त्यांना याची दुसरी बाजूही ठाऊक असते, कारण पीळ कमी पडलेल्या धाग्यात तंतू तुटण्याआधीच एकमेकांवरून घसरतात आणि धागा हातातून विरून जातो. डोंगरकपारीतून, ओढ्याच्या घळीतून आणि धबधब्यातून दोराच्या साहाय्याने उतरणारी माणसे ज्या गाठींवर आपला जीव सोपवतात, त्यांतील एक महत्त्वाचा वर्ग नेमक्या याच तत्त्वावर उभा आहे.

या गाठींना घर्षणगाठी म्हणता येईल. जाड दोराभोवती एक बारीक दोरी ठरावीक पद्धतीने वेढून ही गाठ तयार होते. तिच्यावर भार नसताना ती बोटांनी दोरावर वर-खाली सरकवता येते, आणि भार येताच ती दोराला आवळून जागच्या जागी थांबते. मराठीत सहज सुटणाऱ्या गाठीला सुरगाठ आणि न सुटणाऱ्या गाठीला निरगाठ असे दोन नेमके शब्द आहेत, आणि घर्षणगाठीचा स्वभाव समजून घेण्यास ते फार उपयोगी पडतात, कारण ही गाठ हलकी असताना सुरगाठीसारखी वागते आणि भाराखाली तिची निरगाठ होते. पाण्याबाहेर हा गुण मानला जातो. वाहत्या पाण्याखाली त्याच गुणाने माणूस अडकून पडू शकतो, आणि म्हणूनच या गाठींची माहिती देताना ती कुठे बांधू नये हे सांगणे ती कशी बांधावी हे सांगण्याइतकेच आवश्यक ठरते.

घर्षणाची ताकद किती झपाट्याने वाढते याची कल्पना शेतावरच्या विहिरीवरून येऊ शकते. जड पंप विहिरीत उतरवताना दोर नुसता हातात धरला तर चार माणसांची दमछाक होते, पण तोच दोर काठावरच्या झाडाच्या बुंध्याला दोन वेढे देऊन धरला तर एकटा माणूस तो सावकाश सोडत पंप खाली नेऊ शकतो. लेओनार्ड ऑयलर या अठराव्या शतकातील गणितज्ञाच्या आणि त्याच्यानंतरच्या योहान आयटेलवाइन या जर्मन अभियंत्याच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र असे सांगते की दोराच्या दोन टोकांवरील ताणांचे गुणोत्तर वेढ्यांबरोबर बेरजेने वाढत नसून गुणाकाराने वाढते. दोर आणि लाकूड यांच्यातील घर्षणांक 0.25 धरला, तर एका पूर्ण वेढ्याने हे गुणोत्तर सुमारे 5 होते, दोन वेढ्यांनी 23 आणि तीन वेढ्यांनी 111. म्हणजे दोन वेढे दिलेल्या दोराचे टोक 10 किलोच्या जोराने धरणारा माणूस पलीकडे 230 किलोंचा भार रोखू शकतो. घर्षणगाठीत बुंध्याच्या जागी दुसरा दोर असतो आणि तो स्वतःही दबतो व वाकतो, त्यामुळे हे गणित तेथे जसेच्या तसे लागू होत नाही. परंतु पकड ही ताणातूनच जन्मते आणि एखादा वेढा वाढवला की ती कितीतरी पटींनी वाढते, हे सूत्राचे सार तेथेही खरे ठरते. भार आल्यावर बारीक दोरी जाड दोराला किंचित वाकवते आणि त्या वाकात तिची पकड आणखी बसते. उलट गाठीच्या डोक्यावर बोटांनी दाब देऊन ती ढकलली, तर वेढे सैल होतात, वाक सरळ होतो आणि गाठ सरकते.

या वर्गातील सर्वांत प्रसिद्ध गाठ कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाच्या नावाने ओळखली जाते. व्हिएन्नाच्या या संगीतशिक्षकाने ती 1931 मध्ये गिर्यारोहकांसाठी वर्णन करून सांगितली, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात वाद्यांच्या तुटलेल्या तारा दुरुस्त करताना त्याला ती उपयोगी पडली होती असे सांगितले जाते. प्रुसिकसाठी बारीक दोरीची दोन टोके पक्क्या गाठीने जोडून एक बंद फेरा करतात, तो फेरा मुख्य दोरामागे धरून त्याचा एक भाग दुसऱ्या भागातून तीनदा आत-बाहेर ओवून घेतात, आणि वेढे एकमेकांवर न चढता शेजारी शेजारी बसतील असे नीट करून मग ती आवळतात. ही गाठ दोन्ही दिशांना सारखीच धरते, हे तिचे मोठे बळ. मात्र मोठा भार येऊन गेला की ती इतकी आवळलेली असते की गारठलेल्या बोटांना ती सैल करणे कठीण जाते. क्लेमहाइस्ट नावाच्या गाठीत फेरा दोराभोवती वरच्या दिशेने चार-पाच वेळा गुंडाळून त्याचे खालचे टोक वरच्या टोकातून ओवून खाली ओढतात. ती एकाच दिशेला धरते, पण दोरीऐवजी सपाट पट्टीनेही बांधता येते. दोराभोवती गुंडाळलेल्या फेऱ्याची दोन्ही टोके एकाच कॅराबिनरमध्ये, म्हणजे झडप असलेल्या धातूच्या कडीत, अडकवली की ऑटोब्लॉक तयार होते, जिची पकड प्रुसिकपेक्षा कमी असली तरी सोडवणूक सोपी असते. वाल्दोतँ ही वेणीसारखी विणली जाणारी गाठ आणखी वेगळी आहे: तिच्यात मोकळ्या दोरीचे चार-पाच वेढे देऊन उरलेली टोके दोराच्या पुढून-मागून एकमेकांना छेदत खाली आणतात, आणि नीट बसवलेली ही गाठ अंगावर पूर्ण भार असतानाही वरून दाबून हळूहळू सरकवता येते. भाराखाली सुटू शकणे हा गुण किती मोलाचा आहे ते पाण्यात कळते.

घळीत वरून शिरून, कधी चालत, कधी पोहत, कधी डोहात उडी घेत आणि कडा आला की दोरावरून उतरत तिच्या तोंडापर्यंत जाण्याच्या साहसाला कॅन्यनिंग किंवा कॅन्यनिअरिंग म्हणतात. यवतमाळ जिल्ह्याचे भूरूप मुख्यतः पठारी आहे आणि सह्याद्रीसारख्या उभ्या घळी तेथे नाहीत. परंतु पाणी बेसाल्टच्या खडकावर कसे वागते हे पाहण्यासाठी जिल्ह्याच्या सीमेवरचे सहस्रकुंड पुरेसे आहे. उमरखेड तालुका आणि नांदेड जिल्ह्यातील इस्लापूरचा परिसर यांच्यामधून वाहणारी पैनगंगा येथे काळ्या खडकावरून अनेक धारांनी कोसळते, उन्हाळ्यात तोच खडक उघडा पडतो, आणि पावसाळ्यात नदी भरली की धारांमधला भेद पुसला जाऊन एकच गढूळ लोट उरतो. वरच्या अंगाला ईसापूर धरण असल्याने येथील पाण्याची पातळी डोक्यावरच्या आभाळाइतकीच दूरवरच्या पावसावर आणि धरणाच्या दरवाजांवर अवलंबून असते. अशा पुरात दोर टाकून उतरण्याचा विचार कोणी करू नये. मात्र धबधब्याची उंची फार नसली तरी वाहणाऱ्या पाण्याचे वजन माणसाला सहज खाली दाबून धरू शकते, हे सहस्रकुंडाच्या काठावर सुरक्षित अंतरावरून उभे राहिल्यावर वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

महाराष्ट्रात कॅन्यनिंगच्या वाटेचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे अकोले तालुक्यातील साम्रद गावाजवळची सांदण दरी. रतनगडाच्या शेजारी पठाराला पडलेल्या या अरुंद भेगेतून मोठमोठ्या धोंड्यांवरून उतरत, मध्ये कमरेएवढ्या थंड पाण्यातून जात आणि पुढचे कडे दोरावरून उतरत ठाणे जिल्ह्यातील डेहणे गावाच्या बाजूला कोकणात पोहोचता येते. पावसाळा संपल्यानंतर कोरड्या दिवसांत ही वाट केली जाते, कारण पाऊस सुरू असताना पठारावरचे पाणी याच भेगेत उतरते आणि दोन्ही बाजूंना उभ्या भिंती असल्याने पळायला जागा राहत नाही. हा धोका काल्पनिक नाही: स्वित्झर्लंडमधील इंटरलाकेनजवळच्या साक्सेटेनबाख या ओढ्यात 27 जुलै 1999 रोजी वादळी पावसाच्या अचानक आलेल्या लोंढ्याने कॅन्यनिंग करणाऱ्या 21 जणांचा बळी घेतला. दोरकामातील कोणतेही कौशल्य अशा लोंढ्यापुढे चालत नाही, आणि म्हणून घळीतला पहिला निर्णय दोराचा नसून आत शिरावे की नाही याचा असतो.

आता घर्षणगाठ कुठे बांधावी आणि कुठे बांधू नये या मूळ प्रश्नाकडे वळता येईल. कोरड्या कड्यावरून रॅपलिंग करताना, म्हणजे कमरेच्या पट्ट्याला अडकवलेल्या घर्षणयंत्रातून दोर सोडत उतरताना, अनेक प्रशिक्षक यंत्राच्या खालच्या बाजूला, ज्या हाताने दोर रोखला जातो त्या हाताजवळ, ऑटोब्लॉक बांधायला शिकवतात. हेतू असा की दगड लागून, चक्कर येऊन किंवा अन्य कारणाने तो हात सुटला तर गाठ दोराला पकडेल आणि माणूस जागीच थांबेल. गाठ यंत्राच्या खाली असली की तिच्यावर पूर्ण वजन येत नाही, बराचसा भार यंत्रच घेते, म्हणून ती पुन्हा सैल करणे शक्य असते. फक्त तिची लांबी अशी ठेवावी लागते की ती यंत्राला टेकणार नाही, कारण टेकली तर यंत्र तिला ढकलून उघडी ठेवते आणि ऐनवेळी ती धरत नाही. पूर्वी ही गाठ यंत्राच्या वर बांधण्याची पद्धत होती आणि तिच्यात एक मानवी दोष दडलेला होता: घसरणारा माणूस घाबरून हाताला येईल ते घट्ट धरतो, हाताला येते ती गाठच, आणि मुठीत धरलेली गाठ आवळली जाऊ शकत नाही. घर्षणगाठ काम करते ती हात सोडल्यावर, आणि पडणाऱ्या माणसाला हात सोडणे सर्वांत अवघड जाते.

वाहत्या धबधब्यात हा सगळा विचार उलटा करावा लागतो. धारेखाली उतरणाऱ्याची गाठ मध्येच अडकली तर त्याच्या डोक्यावर आणि खांद्यांवर सतत पाणी आदळत राहते, श्वासासाठी मोकळी हवा मिळेनाशी होते, आणि वाहते पाणी शरीराची उष्णता हवेच्या कितीतरी पटींनी वेगाने ओढून घेत असल्याने बोटांतली ताकद काही मिनिटांत जाते; नेमक्या त्याच बोटांनी त्याला आवळलेली गाठ सोडवायची असते. कोरड्यात थांबणे म्हणजे वाचणे असते, पण धारेखाली थांबणे हाच धोका असतो आणि खाली डोहापर्यंत पोहोचणे ही सुटका असते. म्हणूनच अमेरिकेतील युटा राज्याच्या कोरड्या, अरुंद घळींत घर्षणगाठीचा आधार वापरणारे अनेक जण असले, तरी आल्प्सच्या वाहत्या ओढ्यांत वाढलेल्या युरोपीय परंपरेने धारेत उतरताना अशी आपोआप अडकणारी गाठ टाळण्याचा दंडक घालून घेतला. सह्याद्रीतील कोरड्या कड्यावर शिकलेली सवय जशीच्या तशी पावसाळी धबधब्यावर नेणे म्हणूनच चुकीचे आहे, आणि सुरक्षिततेसाठी जास्तीची गाठ बांधणे नेहमीच चांगले, हा समज धबधब्यांवरील रॅपलिंगच्या वाढत्या हौसेत ठामपणे खोडून काढायला हवा.

धारेत गाठ नको, तर हात सुटल्यास काय, याचे उत्तर घळीतील दोरकामाने दोन ठिकाणी शोधले आहे. पहिले ठिकाण वरचे: दोर झाडाला किंवा खडकात बसवलेल्या बोल्टला कायमचा बांधून न टाकता एखाद्या घर्षणयंत्रात अडकवून असा रोखून ठेवतात की गरज पडताच वरचा माणूस तो भाराखालीही सोडू शकेल, म्हणजे मध्ये कोणी अडकला तर त्याला काहीही न करता दोरासकट खाली उतरवता येते. दुसरे ठिकाण तळाचे: आधी उतरलेला सोबती सुरक्षित जागी उभा राहून दोराचे टोक सैल धरतो, आणि वरच्याचा हात सुटल्याचे दिसताच दोर ताणतो, त्यासरशी यंत्रातील घर्षण वाढून उतरणारा थांबतो, आणि दोर सैल केला की तो पुन्हा खाली येऊ लागतो. सर्वांत आधी उतरणाऱ्याला ही सोय मिळत नाही, म्हणून त्याला वरूनच दोर सोडत उतरवणे शहाणपणाचे ठरते. दोराची लांबीही मोजून अशी ठेवतात की टोक पाण्याच्या पातळीला जेमतेम टेकेल, कारण डोहात साठलेली दोराची वेटोळी पायांत गुंततात. आणि कोरड्या कड्यावर दोराच्या टोकाला मारलीच पाहिजे अशी जी थांबगाठ, ती वेगवान पाण्यात मुद्दाम वगळतात, म्हणजे टोकाशी आलेला माणूस दोरातून मोकळा होऊन पोहत बाहेर पडू शकतो.

मग घळीत जाणाऱ्याने आपल्या पट्ट्याला बारीक दोरीचे दोन-तीन फेरे का लटकवलेले असतात? कारण खाली उतरण्याच्या आखणीत काही बिघडले की दोरावरून वर चढावे लागते, आणि तेव्हा घर्षणगाठीला पर्याय फारसा उरत नाही. वरची गाठ आखूड फेऱ्याने कमरेच्या पट्ट्याला जोडतात आणि खालच्या गाठीच्या लांब फेऱ्यात पाय ठेवतात. पायावर उभे राहून वरची गाठ वर सरकवायची, तिच्यावर बसून खालची सरकवायची, असे करत माणूस सुरवंटासारखा फूट-दीड फुटाच्या टप्प्यांनी वर जातो. हेच काम करणारे धातूचे जुमार हे यंत्र अडॉल्फ ज्यूसी आणि वॉल्टर मार्टी या स्विस जोडीने 1958 मध्ये आणले, आणि मराठी गिर्यारोहकांच्या बोलण्यात दोरावर चढण्यालाच जुमारिंग असे नाव पडले. पण मुठीत मावणाऱ्या आणि हलक्या अशा दोन दोऱ्या कोणत्याही खिशात बसतात, आणि यंत्र हातातून डोहात पडले तरी त्या कमरेला असतात. येथे एक इशारा मात्र द्यावा लागतो: उतरून झाल्यावर खालून ओढताना दोर वर कुठेतरी अडकला, तर तो कशात अडकला आहे हे न दिसता त्याच्यावर चढू लागणे म्हणजे अज्ञात खिळ्यावर जीव टांगणे होय.

बचावकार्यात या गाठीचे खरे मोल दिसते. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक दऱ्यांत अडकलेल्यांना बाहेर काढण्याचे जे काम वर्षानुवर्षे करत आले आहेत, त्या प्रकारच्या कामात ताणलेल्या दोरावरचा भार दुसऱ्या दोरावर घेणे ही मूलभूत गरज असते. ताणलेल्या दोराला बाहेरून बांधता येते ती केवळ घर्षणगाठ, कारण तिला दोराचे मोकळे टोक लागत नाही. खेचण्यासाठी दोर इंग्रजी झेड अक्षरासारखा दोनदा वळवून घेतात: दोराचा एक वळसा प्रुसिकने भाराच्या दोरालाच बांधतात, दुसरी प्रुसिक वरच्या आधाराला जोडून दोर मागे घसरू न देण्याचे काम करते, आणि तत्त्वतः एका माणसाच्या बळाचे तिप्पट बळ मिळते. कप्प्यांऐवजी साध्या कॅराबिनर वापरल्या तर त्यांच्या कडांवरील घर्षण यातला मोठा वाटा खाऊन टाकते. जे घर्षण गाठीत जीव वाचवते, तेच येथे ओढणाऱ्यांना दमवते.

दोरीच्या निवडीत थोडी चूकही महागात पडते. 9 ते 11 मिलिमीटर जाडीच्या मुख्य दोरावर साधारणतः 5 ते 6 मिलिमीटरची नायलॉनची मऊ दोरी वापरतात. फार जाड दोरी पुरेशी वाकत नाही आणि म्हणून धरत नाही, फार बारीक दोरी इतकी रुतते की सुटत नाही. युरोपीय मानकानुसार 6 मिलिमीटरच्या दोरीने तुटण्याआधी किमान 7.2 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 730 किलोंचा भार सोसला पाहिजे, आणि 5 मिलिमीटरच्या दोरीने 5 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 510 किलो. गाठीमुळे ही क्षमता बरीच घटते हे लक्षात ठेवूनच हिशेब करावा लागतो. भिजल्यावर नायलॉन काहीसे दुबळे होते, चिखलाने माखलेल्या दोरावर पकड बदलते आणि नव्या, गुळगुळीत दोरावर तीन वेढ्यांची गाठ घसरू शकते, म्हणून वेढ्यांची संख्या पुस्तकावरून न ठरवता त्या दिवशीच्या त्या दोरावर, जमिनीलगत, अंगाचा पूर्ण भार देऊन ठरवतात. डायनीमा या नावाने विकली जाणारी दोरी ताकदीत नायलॉनला मागे टाकते, पण ती निसरडी असते आणि सुमारे 145 ते 150 अंश सेल्सिअसला वितळते. नायलॉनचा नेहमीचा प्रकार सुमारे 220 अंशांपर्यंत टिकतो. भारासकट वेगाने घसरणारी गाठ हे तापमान गाठू शकते.

महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणून असे उपक्रम चालवणाऱ्यांसाठी नोंदणी आवश्यक केली. तरीही उतरणाऱ्याच्या बोटांना जे यायला हवे ते कोणत्याही प्रमाणपत्राने येत नाही. त्यासाठी सह्याद्री गाठण्याचीही सुरुवातीला गरज नाही. यवतमाळच्या कुठल्याही अंगणातल्या कडुनिंबाच्या भक्कम फांदीवरून टाकलेला दोर, कमरेचा पट्टा, दोन फेरे आणि जाणकार प्रशिक्षकाची नजर एवढ्यावर, पाय जमिनीपासून हातभर उंच ठेवून, गाठ बांधणे, ती आवळल्यावर सोडवणे आणि दोरावर चढणे हे सारे शिकता येते. मग तेच डोळे मिटून, मग ओल्या दोराने, मग एका हाताने, आणि शेवटी बर्फाच्या पाण्यात बोटे बुडवून बधिर केल्यावर. सराव संपला की प्रत्येक फेरा बोटांतून फिरवून पाहतात, आणि घर्षणाने वितळून पुन्हा गोठलेला, काचेसारखा चकाकणारा, कडक भाग कुठे लागला तर ती दोरी धुऊन ठेवत नाहीत. तिचे वीतभर लांबीचे तुकडे करतात, म्हणजे ती चुकूनही पुन्हा कोणाच्या कमरेला लागत नाही.